लेकरू सांभाळणाऱ्या मावशीचा कागद

भांडी घासायला बाई लावायची असली तर आपण चार घरी चौकशी करतो. भांडी स्वच्छ घासते का, खाडे किती करते, बोलायला कशी आहे, सगळं विचारून घेतो. पण जिच्या हाती सहा महिन्यांचं लेकरू देऊन आपण सकाळची एस.टी. गाठायला पळतो, तिच्याबद्दल आपल्याला काय ठाऊक असतं? ती गल्लीतल्या अमक्यांच्या ओळखीची आहे, आणि लेकरांना जीव लावते, एवढंच. ती आजारी पडली तर तिच्याकडे कोण बघतं, तिचे हातपाय थकल्यावर तिचं कसं होणार, हे विचारायचं आपल्या मनातही येत नाही.

आपल्या परभणीत, सेलूत, गंगाखेडात आता घरोघर अशी एक मावशी असते. सून जिल्हा परिषदेच्या शाळेवर, बँकेत नाहीतर दवाखान्यात. जिंतूर-परभणी, मानवत-परभणी असं रोजचं अपडाऊन. सासूबाई गावाकडे शेतीपाशी, किंवा त्यांचेच गुडघे दुखतात. मग बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला आलेली बाईच पुढे लेकरू सांभाळायला राहते. दिवसाचे आठ-नऊ तास ते तिच्याच मांडीवर. पहिलं पाऊल टाकतं तेही तिच्यासमोर.

तिला आपण मावशी म्हणतो. शब्द मोठा गोड आहे, आणि बहुतेक घरांत तो मनापासूनच म्हटला जातो. पण या गोड शब्दाची एक अडचण आहे, बरं का! मावशी म्हटलं की हिशेबाची गोष्ट काढायला दोघींनाही जड जातं. पगार वाढवा, असं मावशी कशी म्हणणार? लेकराच्या मायेपोटीच येते ना ती! सणाच्या दिवशी सुट्टी कशी मागणार? घरचीच ना ती! असं करता करता पाच वर्षं जातात. लेकरू शाळेत जायला लागतं, आणि एका महिन्याच्या पगारावर आणि एका साडीवर मावशीची बोळवण होते. तिने पाच वर्षं काय काम केलं, याचा एक कागदही तिच्याजवळ नसतो.

तो कागद कुठून येतो, आणि त्यात तुमचा-माझा हात किती, हेच आज सांगायचं आहे.

एकटीचं कुणी ऐकत नाही

डॉक्टरांची संघटना असते, शिक्षकांची असते, कापडवाल्यांचाही व्यापारी संघ असतो. त्यात आपल्याला काही वावगं वाटत नाही. मी स्वतः तासिका तत्त्वावर शिकवते. तासांचे पैसे थकले, तर एकटीने हेडसरांच्या टेबलापाशी उभं राहण्यात आणि दहाजणींनी मिळून जाण्यात किती फरक पडतो, हे मला कुणी समजावून सांगायला नको. मग लेकरू सांभाळणाऱ्या बाईने संघटनेत नाव घातलं की आपल्या कपाळाला आठी का पडावी?

अंगणवाडीच्या ताईंचंच बघा. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. तेव्हापासून लेकरांना खाऊ घालणं, त्यांची वजनं घेणं, त्यांना बोलायला शिकवणं ही कामं या ताई मानधनावर करत आल्या. डिसेंबर २०२३ पासून राज्यभर त्यांचा संप झाला आणि तो पन्नासहून अधिक दिवस चालला. त्याआधी एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, असा निकाल दिला होता. यातलं काहीही एखाद्या एकट्या ताईला साधलं नसतं.

आता तुम्ही म्हणाल, अंगणवाडी म्हणजे सरकारी योजना. आमच्या घरातल्या बाईचं तसं कसं होईल? पण घरातल्या बायकांनीही हे करून दाखवलं आहे, आणि तेही आपल्याच महाराष्ट्रात.

१९८० साली पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला. धुणं-भांडी करणाऱ्या, स्वयंपाक करणाऱ्या, लेकरं बघणाऱ्या बायका एक होऊन रस्त्यावर आल्या. त्यातूनच पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. त्यांचं मागणं काय होतं? पगारात वाढ, महिन्यात हक्काची सुट्टी, दिवाळीला बोनस. आज आपण दिवाळीला बाईला एक पगार जास्त देतो आणि त्याला रीत म्हणतो. ती रीत पडावी म्हणून कुणीतरी आधी तोंड उघडलेलं असतं.

नागपूरला विदर्भ मोलकरीण संघटना उभी राहिली ती डॉ. रूपा कुळकर्णी यांच्या पुढाकाराने. त्या संस्कृतच्या प्राध्यापक. शिकल्या-सवरलेल्या, पगारदार बाईने मोलकरणींच्या बाजूने उभं राहावं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. मालकीण आणि मोलकरीण यांनी एकमेकींच्या समोरच उभं राहिलं पाहिजे, असा काही नियम नाही.

मुंबईत १९८५ मध्ये सिस्टर जीन डिव्होस यांनी घरकामगारांची राष्ट्रीय चळवळ सुरू केली. अशा अनेक संघटनांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले, निवेदनं दिली, तेव्हा कुठे महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम, २००८ हा कायदा झाला. यातला ‘घरेलू कामगार’ हा शब्द लक्षात ठेवा. मूल सांभाळणारी मावशीही त्यात येते.

नाव नोंदवून मिळतं काय?

या कायद्याखाली १८ ते ६० वयाच्या घरकामगार बाईला नाव नोंदवता येतं. हे काम जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी कामगार अधिकाऱ्यांच्या कार्यालयात होतं. आधार कार्ड, वयाचा आणि राहत्या जागेचा पुरावा, फोटो, बँकेचं पासबुक, आणि ज्या घरी ती काम करते त्या घराचा दाखला, एवढे कागद लागतात.

मंडळाच्या योजनांत बाळंतपणासाठी दोन अपत्यांपर्यंत ५,००० रुपये आहेत. नोंदलेली बाई वारली तर अंत्यविधीसाठी २,००० रुपये आहेत. वयाची ५५ वर्षं पूर्ण केलेल्या नोंदणीकृत बाईला एकदा १०,००० रुपये सन्मानधन आहे. रक्कम काही फार मोठी नाही, कबूल. पण नाव यादीत असण्याची किंमत रकमेपेक्षा जास्त असते.

कोरोनाचे दिवस आठवा. आपण आपल्या बायांना ‘येऊ नका’ म्हणून सांगितलं. काहींनी पगार चालू ठेवला, काहींना ते जमलं नाही. एप्रिल २०२१ मध्ये राज्य सरकारने घरेलू कामगारांना १,५०० रुपयांची मदत जाहीर केली, पण ती नोंदणीकृत बायकांसाठी होती. जिने दहा वर्षं तीन घरची लेकरं वाढवली, पण जिचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं, ती त्या मदतीच्या हिशेबात बसलीच नाही. काम तर तिनेही केलं होतं. पण ते तिच्या घरमालकिणींना ठाऊक. सरकारी कागदाला ठाऊक नव्हतं.

केंद्र सरकारचं ई-श्रम कार्डही तिने काढावं. ही नोंदणी २६ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झाली. ती फुकट असते आणि आधारशी जोडलेला मोबाइल असला तर घरबसल्याही होते. शिवाय प्रधानमंत्री श्रमयोगी मानधन ही पेन्शनची योजना आहे. वय १८ ते ४० आणि महिन्याची कमाई १५,००० रुपयांपर्यंत असली तर त्यात जाता येतं. सुरुवातीच्या वयाप्रमाणे महिन्याला ५५ ते २०० रुपये हप्ता बसतो, तेवढीच भर सरकार घालतं, आणि साठीनंतर महिन्याला ३,००० रुपये मिळतात. एकोणतिसाव्या वर्षी सुरू केलं तर हप्ता १०० रुपये. मैत्रिणींनो, शंभर रुपयांत आज काय येतं? आपल्या मावशीचा हा हप्ता आपणच भरला, तर दिवाळीच्या साडीपेक्षा ती भेट जास्त टिकेल. मात्र तो पगारातून कापायचा नाही, बरं का! पगाराच्या वर द्यायचा.

आणि तिथेच घोडं अडतं

वर कागदांची यादी दिली, त्यातला शेवटचा कागद पुन्हा वाचा: ज्या घरी काम करते त्या घराचा दाखला. बाकीचे सगळे कागद ती गोळा करते. हाच एक तुमच्या-माझ्या हातात असतो.

आमच्या ओळखीत एका घरी लेकरू सांभाळणारी मावशी हा कागद घेऊन आली. “ताई, एक सही पाहिजे बघा. कामगार हाफिसात द्यायचीय.” ताईंनी कागद वाचला, घडी केली आणि म्हणाल्या, “साहेबांना विचारते.” साहेब म्हणाले, “सही केली की उद्या कोर्टात जाईल.” कागद महिनाभर फ्रिजवर पडून राहिला. मावशीने पुन्हा विचारलं नाही. विचारून कामच गेलं तर?

त्या ताई काही वाईट नाहीत. मावशीच्या मुलीच्या लग्नात त्यांनी मिक्सर दिला होता. पण मिक्सर देणं सोपं असतं आणि सही करणं अवघड. मिक्सर ही आपली मर्जी. सही केली की मर्जीचं काम संपतं आणि हक्काचं सुरू होतं. खरी भीती ही आहे. तिला कोर्टाचं नाव आपण उगीच देतो.

तेव्हा भीती एकेक करून बाजूला ठेवू या. त्या दाखल्यात एवढंच असतं, की ही बाई आमच्याकडे घरकाम करते. मंडळाचा निधी सरकारी अनुदानावर आणि बायकांच्या वर्गणीवर चालतो. घरमालकिणीला त्यात सक्तीने काही भरावं लागत नाही. आणि खरं म्हणजे जी सुरक्षितता कायद्याने तिला दिलीच आहे, ती तुम्ही सही केली नाही म्हणून जात नाही. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात घरकामगार बाईही येते, आणि तिला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. चौदा वर्षांच्या आतल्या मुलीला घरकामाला ठेवण्यावर तर १० ऑक्टोबर २००६ पासूनच बंदी आहे. ‘लेकराशी खेळायला’ म्हणून गावाकडची दहा-बारा वर्षांची पोर आणून ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. ती खेळायला आलेली नसते.

आपला काय फायदा?

असं विचारणंही काही चूक नाही. संघटनेत असलेली बाई घरी येते, तेव्हा तिचं नाव, पत्ता आणि आधीच्या घरांची माहिती कुठेतरी लिहिलेली असते. ती आजारी पडली, तर तिच्या ओळखीची दुसरी येऊ शकते. सुट्ट्या आधी ठरलेल्या असल्या, तर आयत्या वेळी लेकरू कडेवर घेऊन शाळेत जायची पाळी येत नाही. चार बाया एकत्र बसल्या की कामही सुधारतं. लेकराच्या हाती शेंगदाणा का देऊ नये, घशात काही अडकलं तर काय करावं, हे त्या एकमेकींना सांगतात. जुलाब लागले तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून ते थोडं थोडं पाजावं, ही गोष्ट लेकरू सांभाळणाऱ्या प्रत्येकीला तोंडपाठ हवी. चमचा चहाचा घ्यायचा, आणि मीठ अंदाजाने घालायचं नाही.

अजून एक नाजूक गोष्ट आहे. घरात अंगठी सापडेना झाली, की पहिली नजर बाईकडे जाते. आठ दिवसांनी ती अंगठी कणकेच्या डब्यात मिळते, पण तोवर बाईची गल्लीत बदनामी झालेली असते. अशा वेळी तिच्या बाजूने बोलणारं कुणी असलं, तर तिची अब्रू वाचते. तिच्या भरवशावर लेकरू ठेवणाऱ्या आपल्यालाही नंतर खाली मान घालावी लागत नाही.

मावशीला एवढं वाचून दाखवा

संघटना म्हणून दारात येणारं प्रत्येक माणूस संघटनेचं असतंच असं नाही. म्हणून नाव घालण्याआधी तिने इतकं पाहावं:

१. वर्गणीची छापील पावती मिळते का? पावती नाही तर पैसे नाहीत.

२. वर्गणी ठरावीक आहे का, की पगारातला हिस्सा मागतात? पगारातून कमिशन घेणारा तो एजंट. त्याला संघटना म्हणू नये.

३. मूळ आधार कार्ड किंवा पासबुक ठेवून घेतात का? कधीही देऊ नये. झेरॉक्स द्यावी.

४. बैठक होते का? तिथे बायका स्वतः बोलतात का, की एकच साहेब बोलतो?

५. वर्षाचा हिशेब वाचून दाखवतात का?

जिल्ह्यात घरकामगारांची कोणती नोंदलेली संघटना आहे, हे कामगार कार्यालयात विचारता येतं. जवळ एकही नसली, तरी अडत नाही. गल्लीतल्या दहाजणींचा बचत गट करून सुरुवात होते. बचत गट आपल्या जिल्ह्यात कुणाला नवे नाहीत. महिन्याला शंभर रुपये टाकता टाकता बायका पगाराचं बोलायला लागतात. कुणाला किती मिळतं, हे एकमेकींना कळणं हीच संघटनेची पहिली पायरी.

दोघींमधला कागद

सरकारी कागद होईल तेव्हा होईल. घरातला कागद आजच होऊ शकतो. वहीचं एक पान घ्या आणि दोघींनी बसून लिहा: कामाची वेळ किती ते किती. पगार किती आणि कोणत्या तारखेला. महिन्यातल्या पगारी सुट्ट्या किती. ती आजारी पडली तर काय. आपण सुट्टीवर माहेरी गेलो तर त्या दिवसांचा पगार चालू राहणार ना? दिवाळीला काय. पगार दरवर्षी कोणत्या महिन्यात वाढणार. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, काम कोणतं. लेकरू झोपलं की पोळ्या लाट, कपडे वाळत घाल, असं हळूहळू वाढत जातं. लेकराचं काम आणि घरकाम वेगळं लिहा. दोन्ही करायचं असेल तर पैसे दोन्हींचे. दोन प्रती करून एक तिला द्या. तिला वाचता येत नसेल तर तिच्या मुलीला वाचून दाखवायला सांगा.

तुमच्यातल्या काहीजणींसाठी

हे वाचणाऱ्यांत अशाही कितीतरी असतील, ज्या स्वतःच शेजारणींची दोन-तीन लेकरं दिवसभर घरी सांभाळतात. कुणी विचारलं तर म्हणतात, “काम कसलं हो, घरीच असते, तेवढीच मदत.” बाई गं, महिन्याला पैसे घेतेस, वेळेवर दार उघडतेस, दुसऱ्याच्या लेकराचा ताप अंगावर घेतेस, तर ते काम नव्हे तर काय? पदवी घेतलेल्या बाईला स्वतःला कामगार म्हणवून घ्यायला लाज वाटते. पण ई-श्रम कार्ड तुमच्यासाठीही आहे. अहमदाबादला इला भट्ट यांनी १९७२ मध्ये ‘सेवा’ ही कष्टकरी बायकांची संघटना काढली. तिथल्या पाळणाघरं चालवणाऱ्या बायकांनी पुढे ‘संगिनी’ नावाची स्वतःची सहकारी संस्था केली. परभणीतल्या पाच पाळणाघरवाल्या एकत्र आल्या, तर निदान दर आणि सुट्ट्या तरी एकसारख्या ठरतील, आणि एकीला दवाखान्यात जावं लागलं तर दुसरी लेकरं बघेल.

लहान लेकरांचं काम हे शिकण्यासारखं, शास्त्राचं काम आहे, हे आपल्याकडे कधीच सांगून झालं आहे. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ काढला तो याच जाणिवेने. इंग्लंडात तर १८९२ पासून दाया-आयांना शिकवून तयार करणारी नॉरलँड ही संस्था आहे. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात घरकामगार बायकांनी झगडून २०१० मध्ये स्वतःच्या हक्कांचा कायदा करवून घेतला. १६ जून २०११ ला जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेत घरकामगारांसाठी करार क्रमांक १८९ मंजूर झाला. आपल्या देशाने त्याच्या बाजूने मत दिलं, पण त्याला रीतसर मान्यता मात्र अजून दिलेली नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही घरकामगारांसाठी कायद्याचा विचार करायला समिती नेमा, असं केंद्र सरकारला सांगितलं.

दिल्लीत कायदा व्हायचा तेव्हा होवो. आपल्या घरातली मावशी एखादा कागद घेऊन आली, तर तो फ्रिजवर ठेवू नका. तिच्यासमोर वाचा, काही कळलं नाही तर तिलाच विचारा, आणि सही करा. तिने आणला नसेल, तर या रविवारी चहाच्या वेळी तुम्हीच विषय काढा: “मावशी, तुमचं नाव नोंदवलंय का हो कुठं?” ती बहुतेक नाही म्हणेल. मग सोमवारी तिला दोन तासांची सुट्टी द्या, रिक्षाचे पैसे द्या, आणि दाखला आधीच लिहून तिच्या पिशवीत घाला. पगार न कापता, बरं का!